भ आणि त्यापुढचं टिंब

जुना कागद करायचा असेल तर दुधाचा चहा वापरू नये. दुधाने कागदाला दोन दिवसांत वास येतो आणि मुंग्या लागतात, आणि मुंग्या लागलेला इतिहास कुणी घेत नाही. कोरा चहा घ्यावा, चार वेळा उकळून गार केलेला. परातीत ओतून कागद त्यात पोहू द्यावा. मग घड्या घालून आठ दिवस गादीखाली. नवव्या दिवशी कागदाचं वय ऐंशी वर्षं.

नकाशा कार्यालयात मी पस्तीस वर्षं ट्रेसर होतो. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघ वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. खालची रेघ वाकडी असेल तर वाकडीच उतरवायची, स्वतःची अक्कल त्यात घालायची नाही. दिवसभर अशी झाकून ठेवलेली अक्कल संध्याकाळी उतू जाणारच. माझी लोकांच्या कामी आली.

इतिहास शोभेचा असतो असं शाळेत शिकलेल्यांना वाटतं. कार्यालयाच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला विचारा, तो रोजच्या वापराचा असतो, पोळपाटासारखा. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याला पाटीवर 'चार पिढ्यांची परंपरा' हवी होती, कारण समोर मोठ्या आरशांचं नवं सलून आलं होतं. त्याचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. मी त्याला आजोबांचा परवाना करून दिला. एकाला कुंपण तीन हात सरकवायचं होतं, त्याच्यासाठी मी शंभर वर्षांपूर्वी एक चिंच लावली. एका मुलीच्या बापाला वरपक्षाला दाखवायला सात पिढ्या हव्या होत्या. मी नऊ दिल्या. म्हटलं, दोन तुमच्या नातवंडांना राहू देत. मोबदला एक कप चहा, बिनदुधाचा. अर्धा मी प्यायचो, अर्धा पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदाला.

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. माझा कागद हातात आला की लोक आधी हुंगायचे, मग वाचायचे.

आमच्या कार्यालयात थोरले ट्रेसर होते, त्यांना सगळे 'दशांश' म्हणत. जेवायला किती वेळ लागला विचारलं तर 'सतरा पूर्णांक चार मिनिटं' सांगणारा माणूस. गावाचे मूळ नकाशे त्यांच्या हातचे. जागा वाचवायला ते खुणा एका अक्षरात लिहीत. वि. म्हणजे विहीर, झ. म्हणजे झरा, ख. म्हणजे खडक. एक दिवस ते टेबलावर डोकं टेकून झोपले ते उठलेच नाहीत. त्यांच्या अक्षरांची यादी कुठे आहे हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं, कारण ते स्वतःच यादी होते.

पुढच्याच महिन्यात नवे साहेब आले. फर्मान काढलं, सगळे नकाशे नव्याने उतरवा, आखूड अक्षर एकही नको, पूर्ण शब्द लिहा. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि गावाच्या कडेच्या एका तुकड्यावर गाडी अडली. तिथे बेचाळीस जागांवर एकच अक्षर होतं. भ आणि पुढे टिंब.

"भ म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक नव्हतं. पण तोवर आयुष्यात 'मला ठाऊक नाही' हे वाक्य मी उच्चारलेलं नव्हतं, आणि समोर चहा गार होत होता.

"भक्कम," मी म्हणालो.

"कशावरून?"

"साहेब, चाळीस बैलांनी ओढून आणलेली तोफ तिथे पावसाळाभर उभी होती. चाकं बोटभरसुद्धा रुतली नाहीत. शेवटी बैल दमले, तोफ नाही. दशांश स्वतः सांगायचे."

साहेबांनी मान डोलावली. मी बेचाळीस वेळा 'भक्कम' लिहिलं, सुंदर अक्षरात. ती एकच रेघ मी खाली नसताना वर उतरवली.

थापेला पाय नसतात म्हणतात. ही तर चाळीस बैल जुंपून निघाली. तो तुकडा लोक 'तोफेची जागा' म्हणून मागायला लागले. जागेच्या जाहिरातीत तोफेचं चित्र आलं. एका म्हाताऱ्याने मला शपथेवर सांगितलं की त्याच्या आजोबांनी त्या बैलांना पाणी पाजलं होतं. मी म्हटलं, असेल, बैलांना तहान लागतेच.

आणि मग माझी धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन आली. मेहुणे शिंपी, मोजूनमापून बोलणारे.

"दादा, तोफेच्या जागेत एक तुकडा मिळतोय. घेऊ का?" ती म्हणाली. "तू नकाशावाला. तू हो म्हणालास तर घेतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. मेहुण्यांसमोर जीभ उचलली नाही. मनात म्हटलं, भ म्हणजे भक्कम नसेल कशावरून? असेलही. आणि तोंडाने म्हणालो, "घे. तिथे तोफ टिकली, तुझं शिवणयंत्र काय जड!"

ती पोट धरून हसली. लहानपणापासून माझ्या थापांना गावात सगळ्यात जास्त तीच हसायची.

तीस वर्षं काही झालं नाही. बैठी घरं, पत्र्याची छपरं. जमिनीने तेवढं पेललं. मेहुणे गेले, धाकटी त्यांचं यंत्र चालवत राहिली. मुलगा वीजजोडणीची कामं करू लागला, त्याचं लग्न ठरलं, आणि त्याने वर एक मजला चढवायला काढला. वर पक्का स्लॅब आणि त्यावर पाण्याची मोठी टाकी.

त्याच सुमारास दशांशांच्या बायकोने मला बोलावून त्यांची कंपासपेटी दिली. "घरात नुसती पडून आहे. तुम्ही तरी वापरा," म्हणाल्या. पेटीतली मखमल सुटली होती. ती चिकटवायला उचलली तर खाली घडी घातलेला कागद. दशांशांचं बारीक अक्षर. वि., झ., ख., सगळी अक्षरं ओळीने. आणि खालून तिसऱ्या ओळीत: 'भ. – भराव. जुनी दगडखाण कचरा व राडारोडा टाकून बुजविली. खोली अडतीस पूर्णांक पाच फूट. बांधकामास अयोग्य.'

कागदाच्या मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग होता. म्हातारा कप त्याच्यावर ठेवायचा.

मी तसाच कार्यालयात गेलो. तिथे आता तिसरेच साहेब होते, माझ्या निवृत्तीनंतर आलेले. पण माझी कीर्ती माझ्यापेक्षा जास्त दिवस नोकरीत राहिली होती. त्यांनी कागद घेतला, उजेडाकडे धरला, डागावर बोट फिरवलं, आणि हुंगला.

"मामा, चहा जरा कडक झालाय या वेळी."

"साहेब, हा खरा आहे."

"चिंचही खरीच होती म्हणे. ते कुंपणाचं प्रकरण अजून कोर्टात आहे, तुम्हाला माहीत असेल."

"मग खणून बघा. दहा फूट खणा, गंजके डबे निघतील."

साहेबांनी उठून दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "आणि निघाले तर? बेचाळीस घरांचं काय करू? तुमच्या घरी ठेवू?" कागद माझ्या हातात परत दिला. "घरी जा. ऊन फार आहे."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी तो मारला तेव्हा मी नेमका खरं बोलत होतो.

भाच्याकडे गेलो. तो वरच्या मजल्यावर उभा राहून वायरी ओढत होता. खालून ओरडून सांगितलं. त्याचे दोघे मित्र आधीच हसायला लागले.

"मामा, तोफ परत घेऊन जाणार का? बैल आणलेत?" भाचा म्हणाला. "अहो, पत्रिका वाटून झाल्या. लग्न झाल्यावर एक नवी गोष्ट सांगा, सुनेलाही आवडेल."

खाली धाकटी यंत्रावर बसली होती. पडदे शिवत होती, वरच्या खोलीचे. मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. तोफ, बैल, गार होणारा चहा, सगळं. ती पाय न थांबवता ऐकत राहिली. शेवटी यंत्र थांबलं.

"म्हणजे मी विचारायला आले, तेव्हा तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आणि तू घे म्हणालास."

"हो."

तिने कागद उचलला. हुंगला नाही. चष्मा लावून नीट वाचला, दोनदा.

"भ म्हणजे भक्कम, भ म्हणजे भराव. उद्या म्हणशील भ म्हणजे भाऊ." हसली, पण पोट धरून नाही. "पोराला बोललास?"

"हसला."

"हसणारच. तू केलंयस तसं त्याला."

"चल माझ्याकडे राहायला. लग्न माझ्या घरून करू. मी पाया पडतो तुझ्या."

"थोरल्याने धाकटीच्या पाया पडायचं? थापांनी पोट भरलं नाही का तुझं?" तिने कागदाची घडी घालून यंत्राच्या खणात टाकली. "पोरीच्या माहेरी सांगितलंय वर स्वतंत्र खोली आहे म्हणून. लग्न पार पडू दे. मग बघू."

खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापासून एक बारीक चीर भिंतीवर चढली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. धाकटी म्हणाली, "गिलावा वाळतोय." आणि पाय पुन्हा चालू झाला.

लग्न झालं. सून आली, मोकळ्या स्वभावाची, चिमणीएवढी पोरगी. मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचो. दर वेळी म्हणायचो, चल. दर वेळी धाकटी डोळ्यांनी दटावायची, सुनेसमोर नको. भिंतीवर चिरेच्या जागी तिने एक मोठं कॅलेंडर टांगलं होतं. मी ते एकदा उचलायला गेलो तर माझ्या हातावर पट्टी मारली, शिंप्याची लाकडी पट्टी, लहानपणी मारायची तशी.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली. भाचा कामावर होता. सून बटणं आणायला गेली होती, सासूनेच पाठवलं होतं. शेजारी सांगतात, आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी धान्याचं पोतं जमिनीवर टेकवावं तसा. घर पुढे-मागे पडलंच नाही, सरळ खाली बसलं. धूळ निवली तेव्हा टाकी शेजारच्या खिडकीएवढ्या उंचीवर उभी होती आणि तिच्यातलं पाणी अजून हिंदकळत होतं.

धाकटीला काढायला संध्याकाळ झाली. बोटात अंगुस्तान तसंच होतं. पुढचं मी सांगणार नाही, आणि सांगितलं तर तुम्हाला आज जेवण जाणार नाही.

तेराव्या दिवशी चौकशी सुरू झाली. नकाशा टेबलावर पसरला. माझं सुंदर अक्षर: भक्कम. जमीन भक्कम, म्हणजे दोष बांधणाऱ्याचा. बांधणारा कोण? मुलगा. निकृष्ट बांधकाम करून आईच्या मृत्यूस कारण झाला, असा मसुदा तयार झाला. मी उभा राहून खरं खरं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने लिहिलं, 'साक्षीदार मृताचा भाऊ असून त्यास कल्पित हकिकती सांगण्याची सवय असल्याचे सर्वश्रुत आहे.' वाक्य चांगलं होतं. मला सुचलं नसतं.

बाहेर पायरीवर भाचा बसला होता. दाढी वाढलेली, हाताची नखं सिमेंटने तुटलेली.

"मामा, तो कागद कुठाय?"

"तुझ्या आईने ठेवला होता."

कुठे, ते दोघांनाही कळलं. जिथे होता तिथे आता एक खड्डा होता आणि त्याभोवती दोरी बांधलेली.

भाचा म्हणाला, "मग दुसरा करा." माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्या गावाला करून दिलेत. केस कापणाऱ्याला आजोबा दिलात. मला आईला मारणारा म्हणतायत, मामा. बायको माहेरी गेलीय. एक कागद करा."

मी घरी गेलो आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला कागद केला. शब्द मला पाठ होते, अडतीस पूर्णांक पाचसकट. कोरा कागद जुन्या साठ्यातला, माझ्याच ट्रंकेत गुंडाळलेला. शाई दशांशांच्या पेटीतली, पाणी घालून जिवंत केलेली. त्यांचं अक्षर मी तीस वर्षं उतरवलं होतं, हात आपोआप त्यांच्यासारखा थांबत गेला. फक्त एक गोष्ट केली नाही. चहा.

आणि कागद कुणाच्या हातात दिला नाही. चौकशीला जुने नकाशे ओळखायला मलाच बोलावत होते. भिंतीवरच्या दशांशांच्या एका नकाशाच्या चौकटीमागची पुठ्ठ्याची फळी जरा सैल केली, कागद आत सरकवला, आणि साहेबांना म्हणालो, "ही चौकट हलतेय बघा, काच पडेल कुणाच्या तरी डोक्यावर." माणसाला दुसऱ्याने दिलेल्यापेक्षा स्वतःला सापडलेलं जास्त खरं वाटतं.

साहेबांनी स्वतः फळी काढली. कागद काढला, उजेडाकडे धरला. मग नाकाशी नेला.

"चहाचा वास नाही," साहेब म्हणाले. "हा अस्सल आहे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. खणून पाहिलं, गंजके डबे निघाले, तुटक्या विटा, बाटल्या, कुणाचा तरी एक बूट. भाच्याचं नाव मसुद्यातून गेलं. दोष दशांशांवर गेला, यादी दडवून ठेवली म्हणून. मेलेल्या माणसाला त्याची अडचण नसते. उरलेली एक्केचाळीस घरं रिकामी करायला लावली. सामान डोक्यावर घेऊन बायका माझ्या दारावरून जाताना थुंकत होत्या. एकीने विचारलं, "आता तोफ कुठे ठेवू, मामा?" मी दार लावून घेतलं नाही. एवढं तरी.

सून परत आली. दोघांनी दूर भाड्याची खोली घेतली. जागा लहान म्हणून शिवणयंत्र माझ्याकडे ठेवलं. खणताना ढिगाऱ्यातून निघालेलं, चाक वाकलेलं. खण घट्ट बसला होता. चार महिने मी तो तसाच ठेवला. मग एका सकाळी तेल सोडून, ठोकून ठोकून उघडला.

रिळं, खडू, मेहुण्यांचा टेप. आणि दशांशांचा कागद, कपाच्या गोल डागासकट. मागची बाजू तेव्हा कोरी होती. आता ती भरली होती, शिंपीणबाईच्या खडबडीत पेन्सिलीने, गिऱ्हाइकाची मापं लिहावीत तशी. तारीख आणि पुढे माप. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, शिंप्यांचं माप ते.

'खिडकी, डावा कोपरा. १ सूत.' पुढच्या आठवड्यात दीड. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन. मग मापं जवळजवळ यायला लागली. 'कॅलेंडर मोठं लावलं.' 'साडेतीन. सून येऊन सहा दिवस झाले. आता बोलले तर लोक तिचा पायगुण काढतील. महिना होऊ दे.' 'पाच. दादा आला होता. पट्टी जोरात लागली त्याला.' 'सहा. दार लागत नाही. दादा खरं बोलत होता, पहिल्यापासून कळलं.' आणि शेवटची ओळ, टाकी भरली त्याच्या आदल्या दिवशीची:

'७ सूत. उद्या पोराला सांगते.'

बटणं आणायला सुनेला तिने का पाठवलं, ते मी त्यानंतर पुष्कळ वेळा उगाळलं. मुलगा संध्याकाळी यायचा होता. एवढ्या आधी सुनेला बाहेर काढायचं काही कारण नव्हतं. बटणांनी भरलेला डबा खणातच होता.

हा कागद दाखवला तर साहेबांना सापडलेला अस्सल कागद खोटा ठरेल, आणि तो करवून घेतला म्हणून भाच्याचं नाव पुन्हा मसुद्यात जाईल. भाच्याला दाखवला तर आईला ठाऊक होतं हे त्याला कळेल. सुनेने वाचला तर 'पायगुण' हा शब्द ती जन्मभर अंगावर घेऊन फिरेल. गावात ज्याने त्याने इतिहास आपापल्या कामाला लावला. एवढा एक मला कुठेच लावता येत नाही.

मी तो परत खणात ठेवला आणि खण ठोकून बंद केला. तुम्हाला सांगितलं ते यासाठी, की तुम्ही मला ओळखता. म्हणाल, म्हाताऱ्याने आणखी एक पुडी सोडली. तसंच म्हणा.